पुणेरी, पुणेकर आणि अफगाणी: इंग्रजीत देशाचं नाव लिहिताना

भाषांतराच्या कामाला लागून तेव्हा मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका शिक्षणसंस्थेच्या मराठी अहवालात वाक्य होतं, 'यंदा चाळीस अफगाणी विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला.' मी इंग्रजीत 'फॉर्टी अफगाणी स्टुडंट्स' लिहिलं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी त्या 'अफगाणी'भोवती लाल गोल केला आणि समासात लिहिलं, 'चाळीस नोटा कॉलेजात कशाला आल्या?'

इंग्रजीत अफगाणी हे अफगाणिस्तानच्या चलनाचं नाव आहे. रुपया तसा अफगाणी. माणूस मात्र अफगाण, गालिचा अफगाण, सरकारही अफगाण. काही कोशांत माणसासाठीही 'अफगाणी' सापडतो, पण जपून लिहिणारे तो टाळतात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मराठी शब्द उचलून इंग्रजीत ठेवला होता, एवढंच.

त्या दिवशी मी एक वही केली. तिच्यात आजही भर पडते. खाली जे लिहिलंय ते त्या वहीतूनच. इंग्रजी उदाहरणं मोठ्याने म्हणून बघा, कारण यातल्या निम्म्या चुका डोळ्याला दिसण्याआधी कानाला खटकतात.

आधी तीन रकाने आखा

मराठीत देशाच्या नावाला 'ई' लावला की आपलं काम भागतं. जपानी बाहुली, जपानी माणूस, जपानी भाषा. एकाच शब्दात वस्तू, व्यक्ती, बोली सगळं आलं. इंग्रजीतही तसंच असेल असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो.

गंमत अशी की आपल्याच गावांच्या बाबतीत आपण इतके सैल नसतो. पगडी पुणेरी, पण माणूस पुणेकर. चप्पल कोल्हापुरी, चादर सोलापुरी, संत्री नागपुरी. माणसं मात्र कोल्हापूरकर, सोलापूरकर, नागपूरकर. 'तो अगदी पुणेरी आहे' म्हटलं तर त्याचा पत्ता कळत नाही, स्वभाव कळतो. आणि कोल्हापूरचं कोल्हापुरी होतं तसं पुण्याचं 'पुणी' का होत नाही, हा 'री' मध्येच कुठून आला, असं कुणी विचारलं तर आपण नियम सांगू शकत नाही. कानात बसलेलं असतं.

इंग्रजीत देशांचं नेमकं असंच आहे. म्हणून वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे: देश, पुणेरी, पुणेकर. मी खरोखरच मथळे असे दिले होते. पहिल्यात स्पेन, दुसऱ्यात स्पॅनिश, तिसऱ्यात स्पॅनियार्ड. स्वीडन, स्वीडिश, स्वीड. डेन्मार्क, डॅनिश, डेन. पोलंड, पोलिश, पोल. फिनलंड, फिनिश, फिन. बऱ्याच देशांना दुसरा आणि तिसरा रकाना सारखाच असतो: इंडिया, इंडियन, इंडियन. जर्मनी, जर्मन, जर्मन. ग्रीस, ग्रीक, ग्रीक. पण सारखा आहे हे बघून ठरवायचं, गृहीत धरून नाही.

लिहिताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं: मला इथे पुणे म्हणायचंय, पुणेरी की पुणेकर? निम्म्याहून जास्त चुका या एका प्रश्नाने थांबतात.

मग शेपूट ओळखा

दुसऱ्या रकान्यातले शब्द साधारण चार घराण्यांत बसतात. पाठ करायला सोपं जावं म्हणून मी ते घराण्यानुसारच लिहितो.

सगळ्यात मोठं घराणं 'अन'-'इयन'चं. अमेरिकन, केनियन, ऑस्ट्रेलियन, इटालियन, ब्राझिलियन, मॉरिशियन. यात मधली अक्षरं कधीकधी बदलतात, तिकडे लक्ष हवं. कॅनडाचं कनेडियन होतं आणि उच्चाराचा जोर पहिल्या अक्षरावरून दुसऱ्यावर सरकतो. नॉर्वेचं नॉर्वीजन, पेरूचं पेरूव्हियन, पनामाचं पनामेनियन. आणि आपल्याकडे हमखास चुकणारा: इराणचं इरेनियन किंवा इरानियन. 'इरानी' नव्हे. इंग्रजीत 'इरानी' लिहिलं तर निदान मुंबई-पुण्यातल्या वाचकाला चहा, बनमस्का आणि संगमरवरी टेबल आठवतं, किंवा इराणातून इथे येऊन स्थायिक झालेला झरथुष्ट्री समाज. क्रिकेटमधल्या इराणी करंडकाचा तर इराणशी थेट काही संबंधच नाही. तो झाल इराणी या क्रिकेट प्रशासकाच्या नावाचा. तेव्हा तेहरानचं सरकार असेल तर 'द इरानियन गव्हर्नमेंट'च.

दुसरं घराणं 'ईझ'चं, ज्याला आपण मराठीत 'ईज' करून टाकलंय: चायनीज, जॅपनीज, व्हिएतनामीज, पोर्तुगीज, लेबनीज, सुदानीज, भूतानीज, काँगोलीज, गयानीज. जोर नेहमी शेवटच्या अक्षरावर. नेपाळला नेपाली आणि नेपालीज दोन्ही चालतात. खुद्द नेपाळमधल्या इंग्रजीत 'नेपाली' जास्त, म्हणून मी तोच ठेवतो. इथे गोव्याबद्दल एक सूचना. गोवा देश नाही, पण चूक याच घराण्यातली आहे. गोव्याच्या माणसाला 'गोअनीज' म्हणू नका. तो शब्द त्यांना टोचतो. गोअन म्हणा: गोअन फिश करी, अ गोअन म्युझिशियन.

तिसरं 'ई'चं. हे आपल्या ओळखीचं, कारण हा 'ई' अरबी-फारसीतून आलेला आहे, 'हिंदुस्तानी'तला. पाकिस्तानी, बांगलादेशी, इराकी, कुवेती, ओमानी, येमेनी, कतारी, इस्रायली. इस्रायलसाठी 'इस्राएलाइट' लिहू नका. ते बायबलमधले प्राचीन लोक. कोकणातून इस्रायलला गेलेल्या आणि तिथेही मराठी जपणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांचं आजचं नागरिकत्व इस्रायली. संयुक्त अरब अमिरातीचं विशेषण एमिराटी. पण दुबईत वीस वर्षं नोकरी केलेला तुमचा मामा एमिराटी होत नाही, तो 'दुबई-बेस्ड इंडियन'च राहतो. सौदी अरेबियाचं नुसतं सौदी. सोमालियाचं सोमाली.

या घराण्याच्या शेजारी 'स्तान'वाले राहतात. स्तान म्हणजे ठाणं, जागा. ते कापलं की त्या जागेचे लोक हाती लागतात. अफगाण, उझबेक, ताजिक, कझाख, किर्गिझ. पाकिस्तान याला अपवाद आहे आणि अपवाद का पाळायचा तेही लक्षात ठेवा. ते नाव छाटून केलेला छोटा शब्द ब्रिटनमध्ये वांशिक शिवी आहे. आपल्या वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 'पाक' सहज येतो. परदेशी वाचकासाठी लिहिताना पूर्ण 'पाकिस्तानी' लिहा.

चौथं 'इश'चं: ब्रिटिश, आयरिश, टर्किश, पोलिश, स्कॉटिश. यातल्या पोलिशचं पहिलं अक्षर मोठं लिहिलं तर पोलंडचा, लहान लिहिलं तर बुटांचं पॉलिश. मोठ्या-लहान अक्षरांचा हा भेद देवनागरीत नाही, म्हणून आपला हात तिथे हमखास घसरतो. देश, विशेषण, माणूस, भाषा, चारही ठिकाणी इंग्रजीत पहिलं अक्षर मोठंच. वाक्याच्या मध्येही. 'मराठी' लिहितानासुद्धा.

कुठल्याच घराण्यात न बसणारे मोजके आहेत, ते पाठच करावे लागतात. फ्रान्स–फ्रेंच, नेदरलँड्स–डच, स्वित्झर्लंड–स्विस, थायलंड–थाय, सायप्रस–सिप्रियट. न्यूझीलंडला तर वेगळं विशेषणच रुळलेलं नाही. न्यूझीलंड वूल, न्यूझीलंड बटर, आणि माणूस तेवढा न्यूझीलंडर.

नकाशात जवळपास दिसणाऱ्या जोड्यांपासून सावध. नायजेरियाचा नायजेरियन, पण शेजारच्या नायजरचा नायजेरिएन. इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक एका स्वराचा, शेवटून दुसऱ्या अक्षराचा: एकात 'ए', दुसऱ्यात 'ई'. काँगो नावाचे देशच दोन आहेत आणि दोघांचेही लोक काँगोलीज, त्यामुळे तिथे राजधानीचं नाव सोबत द्यावं, किन्शासा की ब्राझाव्हिल. कोलंबिया देशाच्या स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर 'ओ' येतो. अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या नावात 'यू'. अर्जावर हे उलटसुलट झालेलं मी स्वतः पाहिलंय.

तिसरा रकाना: माणूस

इथे खरी कसोटी लागते. 'शी इज चायनीज' बरोबर. 'शी इज अ चायनीज' कानाला खटकतं. 'ईझ' घराण्यातले शब्द एकट्या माणसासाठी नाम म्हणून आता वापरत नाहीत. सोबत कुणीतरी द्यावं लागतं: अ चायनीज वुमन, अ जॅपनीज इंजिनियर, टू पोर्तुगीज टुरिस्ट्स. अनेकवचनाला 'स' तर कधीच नाही. 'चायनीजेस' हा शब्द फक्त आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीशी ऐकू येतो, 'दोन चायनीजेस पार्सल'. आणि 'चायनामन' हा माणसासाठी वापरायचा शब्दच नाही. तो अपमानकारक आहे. क्रिकेटमध्ये डावखुऱ्या मनगटी फिरकीला तो म्हणत असत, तिथूनही आता तो मागे पडलाय.

'इयन' आणि 'ई'वाल्यांचं सोपं: ॲन इंडियन, अ कनेडियन, ॲन इराकी, अनेकवचन इंडियन्स, इराकीज. फक्त 'अ' की 'ॲन' हे स्पेलिंग बघून नाही, उच्चार बघून ठरवायचं. युक्रेन, युगांडा, युरोप हे 'य'ने सुरू होतात म्हणून अ युक्रेनियन, अ युगांडन, अ युरोपियन. उझबेकही रोमन लिपीत युक्रेन-युगांडासारखाच 'यू' या अक्षराने सुरू होतो, पण तोंडातून स्वर निघतो, म्हणून ॲन उझबेक. तसंच अ यूएस व्हिसा, पण ॲन अमेरिकन व्हिसा.

'मॅन'वाले वेगळे. फ्रेंच माणूस फ्रेंचमन, बाई फ्रेंचवुमन. तसेच इंग्लिशमन, आयरिशमन, वेल्शमन, डचमन. अनेकवचनात 'मेन'. जर्मन मात्र यात नाही. त्या शब्दातला 'मन' हा माणसाचा नव्हे, त्यामुळे अनेकवचन जर्मन्स. 'जर्मेन' लिहिलेलं मी दोनदा तपासून दुरुस्त केलंय. दोन्ही वेळा लिहिणारा हुशार होता, नियम लावत गेला आणि फसला.

ब्रिटिश माणसाला एकवचनी शब्द आहे ब्रिटन (देशाच्या नावासारखाच ऐकू येतो, पण स्पेलिंगच्या शेवटी 'ओ-एन'), पण तो बातम्यांत जास्त दिसतो. बोलताना 'ही इज ब्रिटिश' म्हणतात. स्कॉटलंडचा माणूस स्कॉट, त्याचा वारसा स्कॉटिश, आणि 'स्कॉच' फक्त बाटलीत. एखाद्या स्कॉटिश पाहुण्याला 'यू आर स्कॉच' म्हणाल तर तो बहुधा हसेल, पण आतून नाही.

सगळ्यात पेचाचा देश फिलिपिन्स. देशाचं स्पेलिंग 'पी-एच'ने सुरू होतं आणि मध्ये दोन 'पी' येतात. माणूस फिलिपिनो, तो 'एफ'ने सुरू होतो आणि त्यात 'पी' एकच. बाईला फिलिपिना. वस्तू आणि संस्थांना मात्र बहुतेक वेळा फिलिपिन: फिलिपिन गव्हर्नमेंट, फिलिपिन एअरलाइन्स. खाद्यपदार्थ पुन्हा फिलिपिनो. जहाजावर काम करणाऱ्या आपल्या मुलांना हा शब्द रोज लागतो, कारण खलाशांत फिलिपिनो फार. तेव्हा तो एकदा नीट लिहून भिंतीला चिकटवावा.

जाता जाता: आपल्या पूर्वजांनी या तिसऱ्या रकान्याचा प्रश्न फार झोकात सोडवला होता. मराठेशाहीतल्या लिखाणात डच म्हणजे वलंदाज, फ्रेंच म्हणजे फरासीस, पोर्तुगीज म्हणजे फिरंगी आणि डेन्मार्कचा माणूस म्हणजे डिंगमार. सगळे मिळून टोपीकर. म्हणजे 'कर' त्यांनाही लावलाच.

सगळे लोक एकदम म्हणायचे असतील तर

'इंग्रजांनी राज्य केलं', 'चिनी लोक चहा पितात', असं लिहिताना दोन वाटा आहेत. ज्यांना 'स' लागतो त्यांचं थेट अनेकवचन: इंडियन्स, जर्मन्स, थाय्ज, पाकिस्तानीज. ज्यांच्या शेवटी 'श', 'च', 'स', 'झ' असा ध्वनी आहे त्यांच्यामागे 'द' लावायचा आणि शब्द तसाच ठेवायचा: द ब्रिटिश, द फ्रेंच, द डच, द स्विस, द चायनीज. क्रियापद अनेकवचनी, 'द फ्रेंच आर'. 'द' विसरलात तर वाक्य लंगडतं. 'ब्रिटिश रूल्ड इंडिया' हे आपल्या शाळकरी निबंधांतलं अमर वाक्य आहे. त्यात एक 'द' घातला की ते इंग्रजी होतं.

आणि तो ब्रिटिशच असू द्या, इंग्लिश नाही. मराठीत 'इंग्लंड' म्हटलं की आपण अख्खा मुलूख धरतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड धरला की युनायटेड किंग्डम. या सगळ्याचं विशेषण ब्रिटिश. कार्डिफला शिकणारी तुमची भाची इंग्लंडमध्ये नाही, वेल्समध्ये आहे, आणि तिची घरमालकीण हे तिला पहिल्याच आठवड्यात सांगते.

देशाच्या नावामागे 'द' कधी

मूळ नियम: नाही. इंडिया, चायना, फ्रान्स, ब्राझील, सगळे उघडे. नाव अनेकवचनी असेल किंवा त्यात राज्य, संघ, प्रजासत्ताक असा सामान्य शब्द असेल तर 'द' येतो: द नेदरलँड्स, द फिलिपिन्स, द मालदीव्ज, द युनायटेड स्टेट्स, द युनायटेड किंग्डम, द युनायटेड अरब एमिरेट्स, द डॉमिनिकन रिपब्लिक. गँबिया आणि बहामाज आपापल्या अधिकृत नावातच 'द' बाळगतात.

युक्रेनमागे पूर्वी 'द' लावत. १९९१ साली देश स्वतंत्र झाल्यावर तो गळत गेला, कारण 'द'मुळे तो देश नसून एखाद्या मोठ्या देशाचा प्रांत वाटतो असं युक्रेनियन लोकांचं म्हणणं होतं. आज 'द युक्रेन' लिहिणं राजकीय विधान होऊन बसतं.

नाव अनेकवचनी दिसलं तरी देश एकच, म्हणून क्रियापद एकवचनी: 'द नेदरलँड्स इज', 'द युनायटेड स्टेट्स हॅज'. पण क्रिकेटच्या बातमीत 'इंडिया हॅव वन द टॉस' वाचून गोंधळू नका. तिथे इंडिया म्हणजे अकरा जण. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत संघ अनेकवचनी चालतो आणि आपली वृत्तपत्रंही तेच पाळतात. त्याच दिवशी पहिल्या पानावर 'इंडिया हॅज साइन्ड' असतं, कारण तिथे इंडिया म्हणजे सरकार. दोन्ही बरोबर.

इंडिया की इंडियन?

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे चूक व्याकरणाची राहत नाही, अर्थच बदलतो.

'चायनीज पॉलिसी' म्हणजे चीनचं धोरण. 'चायना पॉलिसी' म्हणजे चीनविषयी दुसऱ्या कुणाचं धोरण. त्यामुळे 'इंडियाज चायना पॉलिसी' असं लिहितात, 'इंडियाज चायनीज पॉलिसी' असं नाही. तसंच 'पंतप्रधानांचा जपान दौरा' म्हणजे 'जपान व्हिजिट'. तिथे 'जॅपनीज' घातलं तर दौरा जपानी होतो, म्हणजे कुणी जपानी माणूस कुठेतरी निघालाय असं वाटतं. सूत्र एवढंच: विशेषण 'तिथला, तिथल्यांचा' सांगतं; देशाचं नाव तसंच ठेवलं तर ते बहुधा 'तिथे जाणारा, त्याविषयीचा' सांगतं. मराठीत आपण 'चीनचं धोरण' आणि 'चीनविषयक धोरण' असे प्रत्यय बदलून भेद करतो. इंग्रजी तो भेद नाम की विशेषण यावर टाकते.

याच कारणाने 'इंडिया गव्हर्नमेंट' चुकीचं. इंडियन गव्हर्नमेंट किंवा गव्हर्नमेंट ऑफ इंडिया. राजदूतांच्या बाबतीत तर दोन्ही टोकं सांभाळावी लागतात: 'द इंडियन अँबॅसडर टू जपान' भारताचा, 'द जॅपनीज अँबॅसडर टू इंडिया' जपानचा.

संस्थांच्या नावांना हे सूत्र लावत बसू नका. इंडियन रेल्वेज, इंडिया पोस्ट, एअर इंडिया, इंडियन आर्मी, रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया: ज्याने बारसं केलं त्याने जे ठेवलं ते ठेवलं. बदलायचा अधिकार आपल्याला नाही.

क्रीडापानावर 'इंडिया कॅप्टन', 'पाकिस्तान बोलर' सर्रास दिसतं, तिथे संघ अभिप्रेत असतो. आणि वेस्ट इंडीज? तो देशच नाही. कॅरिबियनमधल्या अनेक देशांचा मिळून एक संघ. खेळाडूविषयी मैदानाबाहेरचं काही लिहायचं असेल तर त्याचा खरा देश शोधा: जमैकन, बार्बेडियन, ट्रिनिडॅडियन, अँटिग्वन, गयानीज.

अमेरिकेचं विशेषण अमेरिकन. सरकारी संदर्भात 'यूएस' चालतं आणि आटोपशीर दिसतं: यूएस प्रेसिडेंट, यूएस एम्बसी. 'यूएसए' मात्र विशेषण म्हणून लावू नका. 'यूएसए व्हिसा' हे एजंटांच्या पाट्यांवरचं इंग्रजी.

दोन देश जोडताना कधी पहिल्याला आखूड रूप मिळतं: इंडो, सायनो, अँग्लो, फ्रँको, रशो. १९६२ चं सायनो-इंडियन युद्ध, किंवा १७७५ पासून १८१८ पर्यंतची तीन अँग्लो-मराठा युद्धं. आखूड रूप पुढे, पूर्ण रूप मागे. सीमेसाठी मात्र सरळ दोन नावं आणि मध्ये रेघ, इंडिया–चायना बॉर्डर.

आणि एक कानाची गोष्ट. 'फ्रेंच टीचर' म्हणजे फ्रेंच शिकवणारी, की फ्रान्सची शिक्षिका? कागदावर कळत नाही. बोलताना 'फ्रेंच'वर जोर दिला तर विषय, 'टीचर'वर दिला तर देश. लिहिताना शंका राहणार असेल तर 'टीचर ऑफ फ्रेंच' लिहा आणि सुटा.

अरब, अरेबिक, अरेबियन

हे तिन्ही मराठीत 'अरबी'त मावतात, म्हणून वेगळं लिहितोय. माणूस आणि त्यांचे देश अरब: अरब ट्रेडर्स, अरब कंट्रीज. भाषा, लिपी आणि अंक अरेबिक. भूगोल आणि घोडे अरेबियन. म्हणून आपला समुद्र अरेबियन सी. 'अरेबिक सी' म्हटलं की अरबी भाषा बोलणारं पाणी.

हे लक्षात राहत नसेल तर आपलंच त्रिकूट आठवा. इतिहास आणि समाज मराठा, भाषा मराठी, राज्याशी निगडित ते महाराष्ट्रियन. मराठा एम्पायर, मराठी लँग्वेज, महाराष्ट्रियन फूड. 'मराठा लँग्वेज' वाचून आपल्याला जसं होतं, तसंच 'अरेबियन लँग्वेज' वाचून त्यांना होतं. (मराठीत लिहिताना मात्र 'महाराष्ट्रीय' म्हणावं. 'महाराष्ट्रीयन' हा इंग्रजी शेपूट लावून परत आलेला आपलाच शब्द, मला तो अजून पचलेला नाही.)

भाषा हा चौथाच प्रश्न

जपान–जॅपनीज असं जुळतं म्हणून सगळीकडे जुळेल असं नाही. इराणची भाषा पर्शियन, इस्रायलची हिब्रू, ब्राझीलची पोर्तुगीज, ऑस्ट्रियाची जर्मन, मेक्सिकोची स्पॅनिश. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय भाषा चार आणि त्यांतली एकही 'स्विस' नावाची नाही. परदेशात कुणी 'डू यू स्पीक इंडियन' विचारलं की आपण हसतो. 'डू यू स्पीक ब्राझिलियन' विचारून ती संधी दुसऱ्याला देऊ नये. भाषेच्या नावामागे 'द' येत नाही, 'आय स्पीक मराठी'. 'लँग्वेज' जोडलं तरच 'द मराठी लँग्वेज'.

नाव बदललं, विशेषण बदललं का?

दर वेळी नाही. तुर्कस्तानने २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपलं नाव तुर्किये असं नोंदवून घेतलं. विशेषण टर्किशच राहिलं, आणि आपला टर्किश टॉवेलही. स्वाझीलंडचं २०१८ मध्ये एस्वातिनी झालं, माणसांना अजून स्वाझी म्हणतात. बर्माचं म्यानमार १९८९ मध्ये झालं, भाषा आणि बहुतेक ठिकाणी माणूसही बर्मीजच. चेक प्रजासत्ताकाचं छोटं नाव चेकिया, विशेषण चेक. सिलोन १९७२ मध्ये श्रीलंका झालं तेव्हा मात्र विशेषण बदलून श्रीलंकन झालं. नेदरलँड्सच्या सरकारने २०२० पासून प्रचारात 'हॉलंड' वापरणं सोडलं. हॉलंड म्हणजे त्या देशातले दोनच प्रांत. डच तेवढे डचच राहिले.

जुनी विशेषणं वस्तूंना चिकटून जगतात. सिलोन टी, सायमीज मांजर, पर्शियन गालिचा. यांची 'दुरुस्ती' करू नका. शहराचं नाव मुंबई झालं तरी इंग्रजीत बॉम्बे हायकोर्ट आणि बॉम्बे डक आहेतच की.

अर्ज भरताना

'नॅशनॅलिटी'च्या चौकटीत विशेषण: इंडियन. 'कंट्री ऑफ बर्थ', 'कंट्री ऑफ रेसिडेन्स' या चौकटींत देश: इंडिया. शंका आली तर आपला पासपोर्ट उघडा. राष्ट्रीयत्वासमोर 'इंडियन' छापलेलं आहे आणि देशाच्या संकेताच्या जागी 'आयएनडी' ही तीन अक्षरं. ऑनलाइन अर्जात खाली यादी उघडत असेल तर तिने जे रूप दिलंय ते निमूट निवडा.

वसई, ठाणे, मुंबईतल्या ईस्ट इंडियन वाचकांसाठी एक खास सूचना. आपल्याकडे ईस्ट इंडियन म्हणजे इथला मूळचा कॅथलिक समाज, घरी मराठीची बोली बोलणारा; हे नाव त्यांनी १८८७ च्या सुमारास घेतलं. त्रिनिदाद-गयानाच्या बाजूला मात्र ईस्ट इंडियन म्हणजे भारतीय वंशाचा कुणीही. परदेशी अर्जात राष्ट्रीयत्व नुसतं इंडियन लिहावं, समाजाची ओळख वेगळ्या ओळीत.

शब्द सापडलाच नाही तर

बोत्स्वानाचा एक माणूस मोत्स्वाना, अनेक झाले की बात्स्वाना. लेसोथोचा एक मोसोथो, अनेक बासोथो. इथे बदल शब्दाच्या शेपटाला होत नाही, तोंडाला होतो. किरिबाटीचा माणूस आय-किरिबाटी. बुर्किना फासोचा बुर्किनाबे, कोत दिव्वारचा, म्हणजे आयव्हरी कोस्टचा, आयव्होरियन. हे सगळं डोक्यात ठेवणं माझ्याच्याने होत नाही, तुमच्याकडूनही अपेक्षा नाही.

घाईत असाल आणि तिसरा रकाना कोरा असेल तर ओढूनताणून शेपूट जोडू नका. 'फ्रॉम' वापरा. अ नर्स फ्रॉम लेसोथो, टू स्टुडंट्स फ्रॉम बुर्किना फासो. 'लेसोथियन' असं काहीतरी लिहून कुणाच्या तरी लाल पेनाला काम देण्यापेक्षा हे बरं. वहीत त्या रकान्यात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवा. माझ्या वहीत आज तशी अकरा प्रश्नचिन्हं आहेत.